शेवटच्या चार सेकंदांचा पहारेकरी



विमानातून उडी घेणाऱ्याच्या पाठीवर दोन हवाईछत्र्या असतात, मुख्य आणि राखीव. पण तो हवेतच बेशुद्ध झाला, तर राखीव छत्री उघडणार कोण? १९८६ मध्ये मित्र गमावलेल्या जर्मनीच्या हेल्मुट क्लोट यांना या प्रश्नाने ग्रासले. १९९१ मध्ये त्यांचे ‘सायप्रेस’ उपकरण आले.

ते केवळ हवेचा दाब मोजते आणि त्यावरून उंची व वेग जाणते. अनुभवी उडीवीरांसाठीचे उपकरण सुमारे ७५० फुटांवर, तेही पतनवेग सेकंदाला ३५ मीटरहून अधिक असेल तरच, कृती करते. छत्रीखाली संथ उतरणाऱ्याच्या वाट्याला ते जात नाही. राखीव छत्रीची पिशवी दोऱ्याच्या एका फासाने बंद असते. सूक्ष्म स्फोटाने ढकललेले पाते तो फास कापते आणि दाबून ठेवलेली स्प्रिंगची छोटी छत्री उसळून राखीव छत्रीला बाहेर खेचते. जुनी यांत्रिक उपकरणे पिन ओढत. कापण्याची ही कल्पना खरोखर देखणी.

मेख एकच. चालू करतानाचा दाब ते जमीन समजते. घरी चालू करून उंचावरच्या मैदानात नेले, तर जमीन अजून दूर आहे अशा समजुतीत ते उशीर करील. आणि मुक्तपणे कोसळणाऱ्यापाशी त्या उंचीवर उरलेली असतात जेमतेम चार सेकंद.