सोडतीतलं घर



म्हाडाची सोडत आपल्याला नवी नाही. १९९४ साली अमेरिकेतही एक सोडत निघाली, पण ती होती अभ्यासासाठी. शिकागो, न्यूयॉर्क, बॉस्टन, बॉल्टिमोर, लॉस एंजेलिस इथल्या सरकारी वसाहतींतली साडेचार हजारांवर गरीब कुटुंबं तीत उतरली. घर का सोडायचंय? बहुतेक आयांनी पहिलं किंवा दुसरं कारण सांगितलं ते नशेच्या धंद्याचं आणि गुंडांच्या टोळ्यांचं. चिठ्ठी निघालेल्यांपैकी एका गटाला बऱ्या वस्तीत राहायला भाड्याची मदत मिळाली.

दहा-पंधरा वर्षांनी पाहिलं तर कमाई मदत न मिळालेल्यांइतकीच होती. पण या गटातल्या आयांमध्ये नैराश्य कमी आढळलं. पैसा जास्त आला नाही, तरी जिन्यात पाऊल टाकताना छातीत होणारी धडधड थांबली, एवढ्यानंही फरक पडत असावा.

मुलांचं मात्र निराळंच झालं. मुली सावरल्या; मुलग्यांमध्ये नैराश्य उलट वाढलेलं दिसलं. तीच वस्ती, तोच पत्ता, आणि दोन तऱ्हा.

म्हणजे वस्तीइतकंच घरातलंही पाहायला हवं. लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांचा ब्राउन आणि हॅरिस या संशोधकांनी केलेला अभ्यास १९७८ साली पुस्तकरूपानं आला. लहानपणीच आई गेलेली, पदरी तीन किंवा जास्त लहान मुलं, बाहेर नोकरी नाही आणि नवऱ्यापाशी मन मोकळं करायची सोय नाही, अशा बाईवर मोठा आघात झाला की ती खचण्याचा धोका वाढतो, असं त्यांना दिसलं.

आपल्याकडे झोपडीच्या बदल्यात घर देताना मोजमाप होतं चौरस फुटांत. नळ आत येतो, संडास आत येतो, ही काही लहान गोष्ट नव्हे. रांगेत डबा घेऊन उभं राहिलेल्या बाईला विचारा! जुन्या वस्तीचे गोडवे मी गाणार नाही. पण लिफ्ट बंद, दार बंद, सातव्या मजल्यावरची सासूबाई महिनाभर खाली उतरलेली नाही, हे कुठल्या तक्त्यात भरायचं?

तुमच्या मजल्यावर असं कुणी असेल, तर आज दार वाजवा. आणि मन खचलं असेल, तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे. फोन फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. आकडा लिहून घ्या : १४४१६. पुन्हा सांगते, एक, चार, चार, एक, सहा.