कागदावरची रेघ आणि घराची भिंत

राजूरच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. आजचा विषय आहे घराचा नकाशा. कागदावरचा नकाशा संगणकात घालून उभं घर कसं बघायचं, ते सांगतो.

आपल्याकडे नकाशा बघतात मिस्त्री आणि घरातले पुरुष. बाईपुढे आलाच तर नुसत्या रेघा दिसतात. पाया भरला, भिंती उठल्या, की मग कळतं की ओट्यापाशी उजेडच नाही. तेव्हा भिंत फोडायची म्हणजे घरकुलाच्या हप्त्यातलेच पैसे मातीत. सपाट भागात घरकुलाला मिळतात 1 लाख 20 हजार, आणि घर असावं लागतं निदान 25 चौरस मीटरचं, म्हणजे साधारण 269 चौरस फूट. एवढ्यात स्वयंपाकाची जागाही आली. त्यात एक दार चुकलं तरी उठायबसायला जागा उरत नाही.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या घराचा पाया खणायचा होता. गटातल्याच एका काकूंची मुलगी सिव्हिलचा डिप्लोमा करते. ती लॅपटॉप घेऊन आली. तिच्याकडे बीआयएमचं सॉफ्टवेअर होतं, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. (छताखालचा बीम वेगळा बरं का!) नागपूरच्या मेट्रोचं काम याच पद्धतीनं झालं. तिथं तर नकाशाला वेळ आणि खर्चही जोडलेला होता. आपल्याला तेवढं नको, पण दोन खोल्यांना हे जमतं. फ्रीकॅड नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यातही ही सोय आहे.

पहिला घोटाळा मापाचा होतो. नकाशा काढणाऱ्यानं इंचात काढला आणि संगणकानं मिलिमीटर धरले, तर वीस फुटांची भिंत 240 मिलिमीटरची होते. म्हणजे वीतभर! एवढी चूक लगेच दिसते. थोडी चूक असली तर दिसत नाही, तीच घातक. म्हणून नकाशा आत घेतला की आधी माहीत असलेलं एक माप तपासायचं, मग बाकीचं. एक आडवं आणि एक उभं, अशी दोन मापं घ्या. मोबाइलनं तिरका फोटो काढला असेल तर जवळची बाजू मोठी आणि लांबची लहान येते. आडवं माप जुळतं, उभं जुळत नाही. फोटोपेक्षा स्कॅन बरा. इंजिनियरनं नकाशा संगणकावरच काढला असेल तर त्याच्याकडून डीएक्सएफ फाइल मागा. ती पेनड्राइव्हवर मिळते.

माप जुळलं म्हणजे घर उभं राहिलं असं नाही. आत आलेली रेघ ही रेघच असते. तो नकाशा खाली अंथरलेल्या कागदासारखा असतो, हलू नये म्हणून जागेवर पक्का करायचा, आणि त्याच्यावर एकेक भिंत नव्यानं काढायची. तेव्हा संगणकाला सांगावं लागतं, भिंत नऊ इंची की साडेचार? उंची किती? विटेची की सिमेंटच्या ब्लॉकची? जोतं जमिनीपासून किती वर? खिडकीचा उंबरा किती उंचीवर? साडेचार इंची भिंतीला विटा जवळपास निम्म्या लागतात, तेव्हा हे प्रश्न पैशाचेच आहेत. आणि यातली बरीच उत्तरं त्या कागदावर नव्हतीच. ती मिस्त्रीच्या डोक्यात होती, आणि थोडी ताईंच्या मनात, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं. आमच्या मते या सगळ्या खटाटोपाचा खरा फायदा हाच. संगणक विचारतो, म्हणून घरातल्या बाईलाही विचारावं लागतं.

भिंती उभ्या राहिल्यावर त्या मुलीनं आम्हाला पडद्यावर घरात फिरवलं. शौचालयाचं दार उघडलं की थेट ओट्याला लागत होतं. कागदावर ती एक कमान होती, कुणाच्या लक्षात आली नाही. मग उत्तर दिशा नीट लावली आणि मे महिन्यातले दुपारचे चार वाजवून पाहिले. चुलीमागची भिंत पश्चिमेची, सगळं ऊन तिच्यावर. ताईंच्या सासूबाई म्हणाल्या, "इथं तर पापडसुद्धा चुलीविना भाजतील." दार दुसऱ्या बाजूला उघडणारं केलं, ओटा पूर्वेच्या भिंतीला नेला, त्याच्यावर खिडकी धरली. चतुर्थीला राजुरेश्वराच्या दर्शनाला पाहुणे येतात, त्यांच्या अंथरुणाची जागाही मोजून घेतली. हे सगळं चुन्यानं आखणी व्हायच्या आधी झालं.

एक मात्र ध्यानात ठेवा. पडद्यावरचं घर काळ्या मातीत बांधलेलं नसतं. आपली जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पाया किती खोल आणि सळई किती, हे इंजिनियरनं जमीन बघूनच ठरवायचं. आणि घरकुलाच्या मंजूर नकाशात बदल करायचा तर ग्रामपंचायतीत आणि घरकुलाच्या इंजिनियरला आधी दाखवायचा, नंतर नाही.

ज्यांचं बांधकाम दिवाळीनंतर आहे त्यांनी गटाच्या बैठकीला नकाशाची स्वच्छ प्रत आणा. सोबत टेपनं मोजलेली जागेची लांबी आणि रुंदी लिहून आणा, पावलांनी मोजलेली नको. घरातल्या मोठ्या वस्तूंचीही मापं घ्या, कपाट, पलंग, धान्याची कोठी. आणि ओट्यापाशी जी उभी राहणार तिची कोपरापर्यंतची उंची. ती कुठल्याच नकाशात नसते.