मावशीचा प्रान नंबर

आज उल्हासनगर कॅम्प १ मधून, शहाड स्टेशनजवळून बोलतोय. मागे रिक्षांचे हॉर्न येतील, सांभाळून घ्या.

माझी मावशी सरकारी रुग्णालयात परिसेविका आहे, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. इंडेंट, स्टॉक रजिस्टर, औषधांची एक्स्पायरी, सगळं तोंडपाठ. परवा विचारलं, "मावशी, एनपीएसमध्ये किती जमलेत तुझे?" म्हणाली, "ते ऑफिसवाले बघतात रे."

घोळ इथेच आहे. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून सरकारी नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यातल्या पहिल्या सिस्टर आता सीनियर झाल्यात. त्यांनी विचारायचं कुणाला? आधीच्या मॅट्रनबाईंचा हिशोब जीपीएफचा, यांचा वेगळाच. पगारातून १० टक्के, सरकारचे १४. रिटायर होताना किमान ४० टक्के रकमेची ॲन्युइटी. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला, त्यात नर्सेसही होत्या. २०२४ मध्ये सरकारनं सुधारित योजनेचा पर्याय काढला. पण पर्याय निवडायला आधी आपला आकडा तर माहीत पाहिजे ना!

मग दोघं बसलो. बारा आकडी प्रान नंबर शोधण्यातच अर्धा तास गेला. स्टेटमेंट उघडलं, तर मधल्या तीन महिन्यांचा सरकारी वाटा जमाच नाही. आणि नॉमिनी? अजून आजोबा. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

मावशी गप्पच झाली. मग पर्समधलं लाल पेन काढून त्या तीन महिन्यांभोवती गोल केला. सोमवारी बिल क्लार्ककडे जाणार आहे. मीही जातोय सोबत.