उद्धट ग्राहक आणि नकाराचा अधिकार



दीक्षान्त समारंभाची परंपरा ज्या उपदेशापर्यंत मागे नेली जाते, तो तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आहे. अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य जे सांगतात, त्यात माता, पिता व आचार्य यांच्याबरोबर अतिथीलाही देव मानावे, ही एक गोष्ट आहे. हॉटेल-व्यवस्थापनाच्या वर्गांत हे वचन आज हटकून ऐकू येते आणि पर्यटन मंत्रालयाच्या जाहिरातींमुळे ते घरोघरी पोहोचले आहे. मात्र ते उच्चारताना एक तपशील बहुधा सुटतो. उपनिषदातला शिष्य गृहस्थाश्रमात प्रवेश करणार आहे. ज्या घरात अतिथी येणार ते घर त्याचे आहे, कोठारातले धान्य त्याचे आहे, आणि अतिथीने मर्यादा सोडली तर काय करायचे हे ठरवण्याची मुभाही त्याचीच आहे. मॉलमधल्या बिलिंग काउंटरवर उभ्या असलेल्या विक्रेत्याकडे यांतले काहीच नसते. माल दुसऱ्याचा, नियम दुसऱ्याने केलेले, आणि देव कोपला तर तो कोप मात्र एकट्या विक्रेत्याने झेलायचा, अशी ही वाटणी आहे.

वाणिज्य, व्यवस्थापन आणि आतिथ्यसेवा या शाखांतून आज पदवी घेणाऱ्यांपैकी अनेकांची पहिली नोकरी अशाच एखाद्या काउंटरमागे, स्वागतकक्षात किंवा कॉल सेंटरच्या हेडफोनपाशी सुरू होईल, आणि थोड्याच काळात त्यांतले बरेच जण इतरांच्या कामावर देखरेख करू लागतील. त्यामुळे उद्धट ग्राहकाशी कसे वागावे हा प्रश्न त्यांच्यापुढे दोनदा येणार आहे, एकदा अपमान सोसणारा म्हणून आणि एकदा तो कोणी किती सोसावा हे ठरवणारा म्हणून. प्रशिक्षणवर्गांत पहिल्या भूमिकेचाच विचार होतो. संयम ठेवा, हसतमुख राहा, आवाज चढवू नका, असा तो उपदेश असतो. तो चुकीचा नाही; अपुरा आहे.

ग्राहकाचे कधीच चुकत नाही, हे व्यापारी सूत्र शिकागोचा मार्शल फील्ड आणि त्याच्याच दुकानात घडलेला, पुढे १९०९ मध्ये लंडनमध्ये स्वतःचे भव्य दुकान उघडणारा हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज यांच्या नावाशी जोडले जाते. हॉटेल-व्यवसायातला सेझार रिट्झ याच्याही नावावर तशाच अर्थाचे वचन सांगितले जाते. त्या काळी खरेदी करणाऱ्याने माल पारखून घ्यावा आणि फसला तर नशिबाला दोष द्यावा, अशी बाजाराची सर्वसाधारण रीत होती. त्या पार्श्वभूमीवर हे सूत्र म्हणजे मालकाने स्वतःच्या पैशाच्या जोरावर दिलेली हमी होती: ग्राहकाने माल परत आणला तर त्याच्यावर विश्वास ठेवला जाईल आणि होणारा तोटा दुकान सोसेल. कालांतराने हमीतला पैशाचा भाग आटला आणि नम्रतेचा भाग उरला, म्हणजेच जे मालकाने सोसायचे होते ते पगारी माणसाच्या अंगावर आले. आपल्याकडे बँकांत आणि दुकानांत ग्राहकमहिमा सांगणारे एक वचन महात्मा गांधींच्या नावाने टांगलेले असते आणि ते त्यांनी १८९० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील भाषणात उच्चारले असेही कित्येकदा सांगितले जाते. गांधीजी त्या वर्षी लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास करत होते आणि दक्षिण आफ्रिकेत त्यांनी पाऊल ठेवले ते १८९३ मध्ये. ज्या वचनाच्या आधारे नोकरांना वाकायला शिकवले जाते, त्याची साधी तारीखही कोणी तपासत नाही, हे लक्षणीय आहे.

मराठी विनोदाने या विषयाची उलटी बाजू रंगवली. पुण्याच्या दुकानात ग्राहकाला सर्वांत शेवटचे स्थान असते, ही पु. ल. देशपांडे यांनी अजरामर केलेली थट्टा, दुपारच्या बंद दुकानांची चेष्टा आणि पुणेरी पाट्या, या सगळ्यांत उद्धट असतो तो दुकानदार. या थट्टेत एक सामाजिक सत्य दडलेले आहे. तो दुकानदार फटकळपणे बोलू शकतो, कारण गल्ला त्याचा आहे. गिऱ्हाईक गेले तर त्याचे नुकसान होईल, पण त्याला नोकरीवरून कोणी काढणार नाही. त्याच दुकानात शिडीवर चढून साड्यांचे गठ्ठे उतरवणाऱ्या नोकराच्या फटकळपणावर मात्र विनोद झाले नाहीत, कारण फटकळ होणे त्याला परवडतच नव्हते. उद्धटपणा हा स्वभावाचा भाग असेलही; तो कोणापुढे दाखवायचा हे मात्र समोरच्याच्या उलट उत्तर देण्याच्या शक्तीवरून ठरते, आणि जो ग्राहक हॉटेलातल्या वाढप्याला ‘ए’ म्हणून हाक मारतो, तोच गल्ल्यावरच्या शेटजींशी ‘अहो’ म्हणून बोलतो.

येथे तक्रार आणि अपमान यांतला भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली, १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि २०१९ च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. या दीर्घ वाटचालीमुळे तक्रार करणे हा ग्राहकाचा हक्क झाला आहे. चढ्या आवाजात केलेली तक्रारही तक्रारच असते. वस्तू, सेवा, दर किंवा विलंब यांविषयी जे बोलले जाते ते तक्रारीत मोडते. कर्मचाऱ्याची जात, रूप, भाषा, शिक्षण, लिंग किंवा त्याची गरिबी यांविषयी जे बोलले जाते तो अपमान होय. पहिल्याला उत्तर देणे हे कर्मचाऱ्याचे काम आहे. दुसरे सोसणे हा कोणत्याही नेमणूकपत्रातला भाग नाही.

व्यवहारात हे दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि ते मिसळण्यामागे पुष्कळदा दुकानाचेच धोरण असते. रविवारी संध्याकाळी कपड्यांच्या एखाद्या मोठ्या दुकानात रांग लांबलेली असते, एक काउंटर बंद असतो आणि कार्डाचे मशीन नेटवर्क शोधत असते, अशा वेळी एखादा ग्राहक पहिल्याच धुण्यात रंग गेलेला कुर्ता घेऊन पुढे येतो. त्याच्याकडे बिल आहे, टॅग नाही. टॅगशिवाय माल बदलून मिळणार नाही, असे बिलाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले आहे आणि काउंटरवरच्या मुलीला तेवढेच वाचून दाखवायला शिकवलेले आहे. टॅग न काढता कुर्ता धुवायचा कसा, हा ग्राहकाचा प्रश्न रास्त आहे. कायदाही त्याच्याच बाजूने आहे, कारण सदोष माल बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही २०१९ च्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मुलीला हे ठाऊक नसते आणि ठाऊक असले तरी निर्णय तिच्या हाती नसतो. ती नियम पुन्हा वाचते. ग्राहक ‘अहो’वरून ‘अगं’वर येतो, मग तिची अक्कल काढतो, मग मॅनेजरला बोलवायला सांगतो. मॅनेजर येतो, हसतो आणि मिनिटभरात कुर्ता बदलून देतो.

या एका मिनिटात तिघांचे शिक्षण होते. ओरडले की काम होते हे ग्राहकाला कळते, ते रांगेतल्या इतरांनाही कळते, आणि आपल्याला तेथे केवळ भिंत म्हणून उभे केले आहे हे त्या मुलीला कळते. मॅनेजरच्या हसण्यात सौजन्य असेल, पण त्या सौजन्याने तिचा दुसऱ्यांदा अपमान केलेला असतो, कारण जो अधिकार त्याने क्षणात वापरला तो सकाळीच तिला देता आला असता. पिशवीच्या पैशांचेही असेच आहे: आधी न सांगता ऐन काउंटरवर पिशवीचे पैसे मागणे ही अनुचित प्रथा असल्याचे राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये ठरवले. ग्राहकाच्या मोबाइल क्रमांकासाठी अडून बसू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये विक्रेत्यांना कळवले. ज्या गोष्टींवर ग्राहक चिडतात त्या मुख्यालयात ठरतात आणि त्यांवरचा राग काउंटरवर निघतो.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द मॅनेज्ड हार्ट’ या ग्रंथात या परिस्थितीला एक संज्ञा दिली, ती मराठीत ‘भावश्रम’ अशी मांडता येईल. नोकरीचा भाग म्हणून स्वतःच्या भावना आवरणे किंवा नसलेल्या भावना दाखवणे, आणि त्या श्रमाच्या बदल्यात वेतन मिळणे, असा तिचा अर्थ आहे. त्यांनी हवाई सेविकांचा आणि थकीत रकमा वसूल करणाऱ्यांचा अभ्यास केला: पहिल्यांना असतील त्याहून गोड व्हावे लागते, दुसऱ्यांना असतील त्याहून कठोर. मनात राग असताना चेहऱ्यावर हसू ठेवणे हा त्यांच्या मते वरवरचा अभिनय. समोरचा माणूस घाबरलेला किंवा दमलेला असेल अशी कल्पना करून स्वतःचा रागच निवळवणे हा खोलवरचा अभिनय. पुढील संशोधनात मानसिक थकव्याशी अधिक ठळक संबंध आढळला तो वरवरच्या अभिनयाचा. तेव्हा नुसते हसण्याची सक्ती करणारी संस्था कर्मचाऱ्याकडून सर्वांत झिजवणारे काम करून घेत असते, आणि ते वेतनचिठ्ठीत कोठेही दिसत नाही. त्यातच तो कर्मचारी दिवसभर उभा असेल तर संध्याकाळपर्यंत शरीरही साथ सोडते. केरळमधल्या कापड दुकानांतील स्त्रियांना बसण्याच्या हक्कासाठी संघर्ष करावा लागला आणि २०१८ मध्ये तेथे व २०२१ मध्ये तमिळनाडूत त्यासाठी कायदा बदलावा लागला, हे या संदर्भात विसरता येत नाही.

प्रत्यक्ष प्रसंगी काय करावे याची कौशल्ये फारशी गूढ नाहीत. बोलणाऱ्याला मध्येच न तोडता पूर्ण ऐकावे, तक्रार आपल्या शब्दांत पुन्हा सांगून ती बरोबर समजली का हे विचारावे, काय होऊ शकते आणि त्याला किती वेळ लागेल ते नेमके सांगावे, ‘कंपनीचा नियमच आहे’ हे वाक्य शक्यतो टाळावे आणि बघ्यांची गर्दी जमली असल्यास बोलणे बाजूला न्यावे, कारण प्रेक्षक मिळाले की माघार घेणे दोघांनाही जड जाते. बोलणे अपमानावर गेले की सूर न चढवता एकदा स्पष्ट सूचना द्यावी, ती मानली गेली नाही तर काम वरिष्ठाकडे सोपवावे आणि फोनवर असल्यास तसे सांगून संभाषण थांबवावे. ही शेवटची पायरी संस्थेने लेखी दिलेली नसेल तर आधीच्या सर्व पायऱ्या फोल ठरतात, कारण आपल्यामागे कोणी उभे नाही हे कर्मचाऱ्याला माहीत असते आणि सराईत उद्धट ग्राहकाला ते त्याहून आधी माहीत असते.

इतरत्र कायद्याने ही पाठराखण केली आहे. ग्राहकाच्या दुर्व्यवहारामुळे आरोग्य बिघडत असेल तर कर्मचाऱ्याचे काम तात्पुरते थांबवणे किंवा बदलणे हे दक्षिण कोरियात ऑक्टोबर २०१८ पासून मालकाचे कर्तव्य आहे. स्कॉटलंडमध्ये २०२१ च्या कायद्याने दुकानातील कर्मचाऱ्याला मारहाण, धमकी किंवा शिवीगाळ करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. टोकियोत ग्राहकांकडून होणाऱ्या छळाविरुद्धचा नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू आहे. भारतात विमानातील बेशिस्त प्रवाशांवर २०१७ च्या नियमांनुसार प्रवासबंदी घालता येते आणि महाराष्ट्रात २०१० पासून डॉक्टर व रुग्णालयांवरील हिंसेविरुद्ध कायदा आहे. साड्यांच्या दुकानातल्या किंवा उपाहारगृहातल्या नोकरासाठी तसा स्वतंत्र कायदा नाही. तरीही हात अगदीच रिकामे नाहीत. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातील कलम १९ नुसार तेथे संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही स्त्री कर्मचाऱ्याला सुरक्षित ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, आणि त्या बाहेरच्या व्यक्तींत ग्राहक येतोच. घरपोच माल पोहोचवणाऱ्यांची स्थिती सर्वांत बिकट आहे, कारण त्यांना मॅनेजरच नसतो. ग्राहकाने दिलेले तारे ॲपमध्ये मोजले जातात, आणि तारे देण्यापूर्वी तो दारात काय बोलला हे मोजले जात नाही.

ज्या स्नातकांच्या हाती एखादे दुकान, उपाहारगृह किंवा कॉल सेंटरची पाळी सोपवली जाईल, त्यांच्याकडून कायद्याची वाट न पाहता काही गोष्टींची अपेक्षा आहे. किती रकमेपर्यंतचा माल कॅशियरने कोणालाही न विचारता बदलून द्यावा, हे त्यांनी रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात लेखी ठरवून द्यावे. अपमान झाल्यास संभाषण थांबवण्याची परवानगी त्याच कागदावर, स्वतःच्या सहीनिशी द्यावी. असा प्रसंग घडल्यावर त्या कर्मचाऱ्याला पुढच्या ग्राहकाकडे लगेच न पाठवता दहा मिनिटे आत बसू द्यावे आणि त्या मिनिटांचा पगार कापू नये. आणि ग्राहकाने मॅनेजरला बोलावले, तर कर्मचाऱ्याने नियमाला धरून दिलेले उत्तर त्याच्यादेखत बदलू नये. नियमच चुकीचा असेल तर तो मुख्यालयाकडून बदलून घ्यावा.