हेडसेट जोडलेला आहे, मग आवाज कुठे गेला?

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीपुढे भजन, नाटुकली, पाककृती स्पर्धा हे सगळे आपण दरवर्षी करतो. या वर्षी कार्यकारिणीने आम्हा संगणक-मदत करणाऱ्या मंडळींना विषय दिला तो असा: लॅपटॉपला बिनतारी हेडसेट जोडला जात नाही, तेव्हा करायचे काय? विषय किरकोळ वाटेल. पण आपल्या इंदूरच्या मराठी घरांकडे पाहा. मुले पुण्याला, बंगळुरूला, नाही तर थेट परदेशात. नातवंडांचा सगळा दिवस इंग्रजीत जातो. मोकळेपणाने मराठी बोलणे होते ते रविवारी, आजी-आजोबांशी. कानांनी जरा दगा द्यायला सुरुवात केलेल्या आजोबांना लॅपटॉपच्या बारीक स्पीकरवर नातीचे बोलणे कळत नाही, हेडसेटवर कळते. हेडसेट रुसला की "ऐकू येत नाही गं, नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला जातो, आणि ते 'नंतर' पुढच्या रविवारवर जाते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मराठी टिकली ती घरात बोलली गेली म्हणून. ते बोलणे आता बऱ्याच घरांत या हेडसेटमधून होते. म्हणून हा विषय आम्हाला किरकोळ वाटत नाही.

आधी थोडे ब्लूटूथविषयी. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होता. विखुरलेल्या डॅनिश लोकांना एका राज्याखाली आणणारा म्हणून त्याची ख्याती. त्याचे टोपणनाव ब्लूटूथ. 1998 साली एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा या कंपन्यांनी वेगवेगळी यंत्रे एकमेकांशी बोलावीत म्हणून गट स्थापन केला, तेव्हा हेच नाव घेतले. ब्लूटूथचे ते टोकदार चिन्हही त्या राजाच्या आद्याक्षरांपासून, जुन्या रूनिक लिपीतून बनवलेले आहे.

हे काम चालते 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर. नेहमीच्या हेडसेटचा पल्ला साधारण 10 मीटर, आणि मध्ये भिंत आली की त्याहून कमी. याच पट्ट्यात घरातला वाय-फाय चालतो, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही. एवढ्या गर्दीतून वाट काढण्यासाठी ब्लूटूथ सेकंदाला 1600 वेळांपर्यंत आपली वाट बदलते.

आता मुख्य मुद्दा. आमच्याकडे आलेल्या हेडसेटपैकी खरोखर बिघडलेले फार थोडे असतात. बहुतेक वेळा हेडसेट दुसऱ्याच कुणाशी जोडलेला असतो, किंवा लॅपटॉप आवाज दुसरीकडेच पाठवत असतो. म्हणून घाईने दहा बटणे दाबू नयेत. एका वेळी एकच गोष्ट तपासावी.

पहिली गोष्ट, हेडसेट चार्ज आहे ना? आणि तो फोनला तर जोडलेला नाही ना? हेडसेट चालू झाला की ओळखीच्या यंत्राकडे धाव घेतो, आणि ते यंत्र बहुधा खिशातला फोनच असतो. फोनचे ब्लूटूथ थोडा वेळ बंद करा. निम्मी भांडणे इथेच मिटतात.

दुसरी, लॅपटॉपचे ब्लूटूथ चालू आहे का? विंडोजच्या लॅपटॉपवर विंडोजचे बटण आणि ए ही अक्षरकळ एकत्र दाबली की कोपऱ्यात चौकोन उघडतात. त्यात ब्लूटूथ चालू आणि विमानाचे चित्र, म्हणजे एअरप्लेन मोड, बंद हवा.

तिसरी गोष्ट नीट समजून घ्या. पेअर होणे वेगळे आणि कनेक्ट होणे वेगळे. पेअर म्हणजे ओळख, कनेक्ट म्हणजे प्रत्यक्ष भेट. ओळख एकदाच करून द्यावी लागते, भेट रोज. ओळख करून देताना हेडसेट नुसता चालू करून भागत नाही. बहुतेक हेडसेटचे बटण काही सेकंद दाबून धरावे लागते, दिवा भराभर लुकलुकू लागेपर्यंत. कानात घालायच्या छोट्या बड्सचे बटण बहुधा डबीवर असते. मग सेटिंग्जमध्ये ब्लूटूथच्या पानावर 'ॲड डिव्हाइस' दाबावे आणि यादीतले आपल्या हेडसेटचे नाव निवडावे.

चौथी तक्रार आम्ही सर्वांत जास्त ऐकतो: "कनेक्टेड दिसतंय, पण आवाज लॅपटॉपमधूनच येतोय." पडद्याच्या उजव्या तळकोपऱ्यात स्पीकरचे चित्र असते. त्यावर टिचकी मारा, आवाजाच्या पट्टीजवळचा बाण दाबा, आणि यादीतून हेडसेट निवडा. एवढे करूनही झूम, मीट किंवा टीम्सवर ऐकू आले नाही, तर त्या ॲपमधले ऑडिओचे सेटिंग पाहा. स्पीकर आणि माइक ही ॲपे स्वतंत्रपणे निवडतात.

पाचवी, गाणे छान वाजते, पण बोलायला लागले की आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. हा बिघाड नव्हे. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये हेडसेटची दोन रूपे असतात, एक फक्त ऐकण्याचे आणि एक ऐकून बोलण्याचे. हेडसेटचा माइक सुरू झाला की तो दुसऱ्या रूपात जातो आणि आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. खोली शांत असेल तर सोपा उपाय आहे: ऐकण्यासाठी हेडसेट आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचाच माइक निवडावा. नातीचा आवाज लगेच स्वच्छ होतो.

सहावी, काल चालत होता, आज जोडलाच जात नाही. अशा वेळी जुनी ओळख पुसून टाका. यादीत हेडसेटच्या नावापुढे 'रिमूव्ह डिव्हाइस' दाबा, लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि नव्याने पेअर करा. रीस्टार्टच करा. झाकण मिटणे म्हणजे लॅपटॉपची डुलकी. आणि विंडोजवर 'शट डाउन'नेही पुष्कळदा सगळे पुरते ताजे होत नाही.

ब्लूटूथचे बटणच दिसेनासे झाले असेल, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा, म्हणजे ते यंत्र चालवणाऱ्या प्रणालीचा. रीस्टार्ट आणि विंडोज अपडेट करून पाहावे. लॅपटॉपमधला ब्लूटूथ खरेच गेला असेल, तर यूएसबीत बसणारा छोटा अडॅप्टर जेल रोडवर काहीशे रुपयांत मिळतो. त्यासाठी नवा लॅपटॉप घ्यायला नको. काही हेडसेटबरोबर स्वतःचाच छोटा यूएसबी तुकडा येतो. त्यातले पुष्कळ ब्लूटूथ नसतात. ते ब्लूटूथच्या यादीत शोधत बसू नका, तो तुकडा लावा.

आवाज तुटत असेल तर लॅपटॉपजवळ बसा, मायक्रोवेव्ह चालू नाही ना ते पाहा, आणि राउटरमध्ये सोय असेल तर लॅपटॉपचा वाय-फाय 5 गिगाहर्ट्झवर घ्या. बाहेरची हार्ड डिस्क किंवा यूएसबी 3 चा पेन ड्राइव्ह लावला असेल तर काढून पाहा. त्यांचाही 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींना अडथळा होतो.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. हेडसेट चालेना म्हणून इंटरनेटवर सापडलेल्या कुठल्याही 'कस्टमर केअर' क्रमांकावर फोन करू नका. पलीकडचा माणूस गोड बोलून तुमचा पडदा त्याला दिसेल असे ॲप उतरवायला लावतो, आणि हेडसेटच्या निमित्ताने बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचतो. क्रमांक खोक्यावरचा किंवा बरोबर आलेल्या पुस्तिकेतलाच घ्यावा. हेडसेट जोडायला ओटीपी लागत नाही, की बँकेचा तपशील लागत नाही. कुणी मागितला तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे थांबवण्याची शक्यता जास्त.

आता समोर बसलेल्या तरुण मंडळींना दोन शब्द. आजीच्या हातातून लॅपटॉप घेऊन दोन मिनिटांत सगळे नीट करून देणे सोपे आहे. पण पुढच्या रविवारी तुम्ही तिथे नसता. लॅपटॉप आजीच्याच हातात राहू द्या, तुम्ही शेजारी बसा आणि तिलाच दाबू द्या. वेळ लागेल. एकदा तिने स्वतः जोडला की तिला तुमची वाट पाहावी लागणार नाही. आणि काय काय दाबायचे ते ठळक मराठी अक्षरांत कागदावर लिहून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवा.

ज्येष्ठांना एवढेच सांगतो: जोडणी शनिवारी तपासा, रविवारी नातू पडद्यावर येऊन बसल्यावर नव्हे. आणि तारेचा एक साधा हेडसेट टेबलाच्या खणात असू द्या. त्याला चार्जिंग नको, ओळख नको. लॅपटॉपला गोल भोक असले की खोचला आणि बोलायला लागले. बिनतारी रुसला तर तारेवरून बोला, पण "नंतर बोलू" म्हणू नका.

उत्सवाचे दहाही दिवस संध्याकाळच्या आरतीनंतर आम्ही मांडवाशेजारच्या खोलीत बसणार आहोत. लॅपटॉप, हेडसेट आणि फोन, तिन्ही घेऊन या. हो, फोनही, कारण बहुतेक वेळा चोर तोच निघतो.

गणपती बाप्पा मोरया!