‘नको’ म्हटलं तरी पैसे येतात

लेक नाहीतर सून परदेशात आणि बाळंतपणाला आई हवी, असं आता गावोगावी व्हायला लागलंय. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, जुन्या लुगड्यांची दुपटी, सगळं आठवणीनं बॅगेत जातं. पर्समधल्या कार्डाबद्दल मात्र आपण कुणाला काही विचारत नाही.

मीही विचारलं नव्हतं. आणि मी तर बँकेच्या काउंटरवर नोकरी केलेली बाई!

माझी लेक चेक देशात, प्रागला असते. तिथलं चलन कोरुना. नात झाली, जावई दवाखान्यात, म्हणून मी एकटीच सामान आणायला निघाले. पर्यटकांच्या गर्दीतल्या एका दुकानाबाहेर एटीएम दिसलं. ५,००० कोरुना मागितले. पडद्यावर आलं, तुमच्या खात्यातून २२,६०० रुपये जातील, मान्य आहे का? एकीकडे ‘ॲक्सेप्ट’, दुसरीकडे ‘डिक्लाइन’. परक्या देशात रुपये दिसले की माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं बघा. शिवाय ‘डिक्लाइन’ दाबलं तर पैसे मिळणार नाहीत, कार्डही आत अडकेल, ही धास्ती. दाबलं ‘ॲक्सेप्ट’.

संध्याकाळी लेक म्हणाली, “अगं आई, कोरुना चार रुपयांच्या आसपास आहे. वीस हजारांचे पैसे तू साडेबावीस हजारांना घेतलेस.”

होतं काय, की रुपयांचा तो भाव एटीएमवाल्याचा असतो. त्यात त्याची कमाई धरलेली असते. आपण तो भाव नाकारला, तर व्यवहार तिथल्याच चलनात होतो आणि रुपयांत रूपांतर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दरानं होतं. हा दर बाजारभावाच्या पुष्कळ जवळचा असतो. त्यावर आपली बँक आपला आकार लावते. बऱ्याच कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे वीस हजारांवर ७०० रुपये, आणि त्या ७०० वर १८ टक्के जीएसटी, १२६ रुपये. झाले २०,८२६. पैसे काढण्याचं शुल्क वेगळं, पण ते रुपयांत घेतलं तरी बहुधा लागतंच. म्हणजे एका बटणापायी माझे पावणेदोन हजारांहून जास्त गेले. काही बँका तर रुपयांतल्या व्यवहारावरही वरून आकार घेतात.

तेव्हा लक्षात ठेवा, तो ‘डिक्लाइन’ पैशांना नकार नाही, भावाला नकार आहे. कुठे ‘विदाउट कन्व्हर्जन’ असं लिहिलेलं असतं, तेच दाबायचं. दुकानात कार्डाच्या मशीनवर रुपये की युरो असं विचारलं, तर तिथलं चलन सांगायचं. दुकानदारानं आपणच रुपये निवडून ठेवले असतील, तर सही किंवा पिन देण्याआधी बदलून घ्यायचं. लाजायचं नाही.

मात्र एटीएमचं स्वतःचं शुल्क निराळं, ते नकार देऊन टळत नाही. थायलंडला परदेशी कार्डावर दर खेपेला २२० बाट किंवा त्याहून जास्त कापतात, मग हजार काढा की दहा हजार. म्हणून थोडे थोडे चारदा काढण्यापेक्षा लागतील तेवढे एकदाच काढावेत. क्रेडिट कार्डानं रोख काढूच नका, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

आणि निघण्याआधी बँकेत जाऊन किंवा ॲपवर कार्डाचा परदेशातला वापर चालू करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशातल्या वापरापुरतं चालू असतं. मुलांना सांगू नका, स्वतः करा. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसऱ्या खेपेला मी बँकेच्या भिंतीतलं एटीएम शोधलं. तिथंही तोच प्रश्न आला. ‘डिक्लाइन’ दाबलं तेव्हा हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू. क्षणभर पडदा काळा झाला. मग आत खडखडलं आणि नोटा बाहेर आल्या.