खाटा मोजण्याआधी घरं मोजू या



वसई-विरारमध्ये कुणाला तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर निघाला की घरची माणसं सांगतात, "टाटाला दाखवलंय." मग पहाटेची विरार लोकल, दादरला उतरून परळचं टाटा रुग्णालय, हातात फाइल, रांग, किमो, रेडिएशन. घरातल्या एकाची नोकरी यात जाते, दागिने मोडतात. पण धावपळ चालू आहे तोवर आशाही असते. आणि एक दिवस डॉक्टर म्हणतात, आता घरी न्या, सेवा करा.

सेवा करा म्हणजे नेमकं काय करा, हे मात्र बहुतेकांना कुणी बसवून समजावून सांगत नाही. दुखणं वाढलेलं असतं, गिळता येत नाही, रात्र रात्र झोप नाही. या टप्प्यावर जी वैद्यकीय मदत लागते तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आजार बरा होणार नसला तरी दुखणं, धाप, मळमळ, जखमा आणि मनाची घालमेल यांवर उपाय असतो, आणि तो करायचाच असतो. ती फक्त कॅन्सरवाल्यांसाठी नाही. निकामी होत चाललेलं हृदय किंवा मूत्रपिंड, पक्षाघात, स्मृतिभ्रंश, वर्षानुवर्षांचा दमा, या सगळ्यांना ती लागते.

लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना ठेवून घेणारं सेवाघर, सुरू केलं, तिथून ही आधुनिक चळवळ जगभर पसरली. आपल्याकडे भारतातलं पहिलं हॉस्पिस १९८६ मध्ये मुंबईतच, वांद्र्याला उभं राहिलं. कर्करोगतज्ज्ञ डॉ. एल. जे. डिसूझा यांचं शांती अवेदना सदन. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं असंच केंद्र आहे. टाटा रुग्णालयात तर या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. पण वांद्रे वसईच्या रुग्णाला लांब पडतं, आणि शेवटच्या दिवसांत माणसाला आपल्याच माणसांत राहायचं असतं. म्हणून ही सेवा इथेच उभी राहायला हवी, असं म्हणणारे लोक वसई-विरारमध्ये आहेत. माझं आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्याशी आहे.

अशी सेवा सुरू करायची म्हटली की बैठकीत पहिला विषय निघतो जागेचा. कुणाची तरी वाडी आहे, ती मिळेल. इमारत किती मजली, खाटा किती, कोनशिलेवर नाव कुणाचं. मला वाटतं, आखणीची सुरुवातच इथे चुकते.

साधा हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत बारा लाखांहून अधिक लोक होते. हजारी पाच मृत्यू धरले तरी वर्षाला सहा हजार होतात. त्यांतल्या निम्म्यांना शेवटच्या काळात अशा मदतीची गरज पडली तर तीन हजार माणसं. त्यानंतर वाढलेली वस्ती यात धरलेलीच नाही. आता वीस खाटांचं हॉस्पिस बांधलं आणि प्रत्येक रुग्ण सरासरी तीन आठवडे राहिला, तर वर्षाला जेमतेम साडेतीनशे जणांची सोय होईल. उरलेले घरीच असतील. तेव्हा योजना आखायची ती घरं डोळ्यांसमोर ठेवून. खाटाही लागतील; एकट्या राहणाऱ्यांसाठी, किंवा दहा बाय बाराच्या खोलीत जिथे नवरा-बायको दोघंही कामावर जातात अशांसाठी. पण त्या चार-सहा असल्या तरी चालतील, आणि इथल्या एखाद्या जुन्या धर्मादाय रुग्णालयाशी बोलून राखून घेता येतील.

घरी जाऊन नेमकं काय होतं, ते एका उदाहरणाने सांगतो. गालाचा कॅन्सर बाहेर फुटला की जखमेला भयंकर वास येतो. बायको-मुलंही नकळत लांब बसायला लागतात, शेजारी यायचे थांबतात, आणि ते त्या माणसाला कळत असतं. प्रशिक्षित सिस्टर येते, कोमट मिठाच्या पाण्याने जखम स्वच्छ करते, मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या कुटून त्यांची पूड जखमेवर पसरते, वर गॉज ठेवते. मग सुनेला शेजारी बसवून, तिच्या हातून तेच करून घेते. काही दिवसांत वास पुष्कळ कमी होतो आणि नातवंडं पुन्हा खाटेजवळ येतात. गोळ्या जवळच्या मेडिकलमध्ये मिळतात, महागही नाहीत. लागतो तो शिकवणारा हात.

अशी एक टीम, म्हणजे एक सिस्टर, एक गाडी आणि अर्धवेळ डॉक्टर, दिवसाला फार तर पाच घरं करते. महिन्याला सव्वाशे भेटी. प्रत्येकाकडे दहा दिवसांतून एकदा जायचं तर एका वेळी चाळीस रुग्ण. पूर्व-पश्चिमेच्या मधे रेल्वे आहे आणि फाटकं-पुलांवर जाणारा वेळ आपण सगळे जाणतो. म्हणून पहिल्या वर्षी अर्नाळ्यापासून नायगावपर्यंत सगळीकडे जाऊ, असं कुणी लिहू नये. नालासोपारा पूर्वेला, जिथे वस्ती सर्वांत दाट आहे, तिथून सुरुवात करावी. आणि पारोळ, शिवणसईकडचे पाडे दुसऱ्या वर्षी घेणार, हे त्याच कागदावर लिहून ठेवावं. नाहीतर ते कायमचे राहून जातील. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्ये पॅलिएटिव्ह केअर आता समाविष्ट आहे, तेव्हा तिथल्या आशाताईंना सोबत घेता येईल.

पावसाळ्याचाही विचार हवा. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलं आणि विरारकडची गाडी बंद पडली. अशा वेळी सिस्टर पोचणार नाही. जून ते सप्टेंबर प्रत्येक रुग्णाच्या घरी आठवड्याभराचं औषध जास्तीचं असलं पाहिजे.

औषध म्हणजे मुख्यतः मॉर्फिन. भारतात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते, आणि तरीही आपल्याच देशातली माणसं वेदनेने तळमळत जातात. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याच्या धाकाने दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सोपी झाली. निरनिराळ्या खात्यांचे चार-पाच परवाने गोळा करायची गरज उरली नाही, औषध प्रशासनाची मान्यता मिळवलेल्या संस्थेला ते ठेवता येतं. ही मान्यता मिळवणं हे योजनेतलं पहिलं काम असावं, शेवटचं नव्हे. मॉर्फिन दिलं म्हणजे आता संपलं, अशी भीती घराघरांत आहे. ती खोटी आहे. योग्य मात्रेत, दर चार तासांनी, सोबत पोट साफ राहण्याचं औषध देऊन ते घेणारा माणूस उठून बसतो, दोन घास खातो, बोलतो.

आणि रात्र. माणूस मध्यरात्री घरीच वारला तर पुढे काय? मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला लागतो, स्मशानात तो मागतात. त्या वेळी सही करायला डॉक्टर येत नाही, म्हणून श्वास लागला की घाबरून माणसाला रिक्षात घालतात, आयसीयूत नेतात, आणि घरी शांतपणे जायची त्याची इच्छा शेवटच्या तासात मोडते. वर बिल होतं ते वेगळंच. रात्रीचा फोन कोण उचलेल आणि दाखल्यावर सही कोण करेल, ही दोन नावं ज्या योजनेत नाहीत ती योजना मी अपुरी समजेन.

पैशाचं काय, असं विचारतात. इमारतीला एकदा मोठी देणगी मिळते. पगार आणि पेट्रोल दर महिन्याला लागतं. केरळात दोन हजार सालाच्या आसपास शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांसाठी चालवलेल्या गटांनी थोडेथोडे पैसे आणि आठवड्याचे काही तास गोळा करून हे काम उभं केलं, आणि २००८ मध्ये तिथल्या सरकारने त्यावर धोरण केलं. थोडंथोडं जमवून संस्था उभी करणं वसईला नवं नाही. बॅसिन कॅथलिक बँक इथे १९१८ पासून आहे. चर्चच्या मंडळ्या, गणेशोत्सव मंडळं, महिला मंडळं, यांच्याकडे माणसं आहेत. त्यांना शिकवायला हवं.

शेवटी एक विनंती. मुंबईच्या रुग्णालयांत आयुष्य काढून निवृत्त झालेल्या कितीतरी सिस्टर आज वसई, नालासोपारा, विरारमध्ये राहतात. त्यांच्यापैकी कुणी हे ऐकत असेल, तर आठवड्यातल्या दोन दुपारी या कामाला द्या. आपल्या जवळच्या दवाखान्यात, चर्चमध्ये किंवा मंडळात जाऊन एवढंच सांगा की मी तयार आहे.